पायाळूची बंडी

रहिमतपुरात सरळ उभा असा एकच होता, आणि तो म्हणजे पेठेतला विजेचा खांब. पुढे त्यालाही एका ट्रकनं वाकवलं. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो, कारण चौपन्न वर्षं मी या गावाची मापं घेतली आहेत. कुणाचा डावा खांदा अर्धा इंच खाली, कुणाची मान फोनमध्ये बघून बघून बगळ्यासारखी पुढे आलेली, कुणी कायम एकाच पायावर भार देऊन उभं. एका तलाठ्याला तर तीन खांदे होते; तिसरा दप्तराची पिशवी अडकवून अडकवून उगवला होता. अशा माणसांचा शर्ट असा कापायचा, की अंगात घातल्यावर माणूस सरळ दिसावा. उतरत्या खांद्याला आतून दुहेरी पट्टी, पोक असेल तर पाठीला पाव इंच जास्त. शिंप्याचा धंदा म्हणजे झाकाझाकीचा धंदा.

मी बाळकृष्ण हेंद्रे. गाव बाळूअण्णा म्हणतं. माझी नजर अशी, की टेप गळ्यात नुसता शोभेला. माझ्या लग्नात नवरीचा ब्लाऊज मीच शिवला होता. मुलगी बघायला गेलो तेव्हा ती पोह्यांच्या बश्या घेऊन आली, बश्या ठेवल्या आणि परत गेली. तेवढ्यात माप घेतलं. टेप काढला असता तर सासऱ्यानं मला पोह्यांसकट बाहेर काढलं असतं. लग्नात हळूच विचारलं, कसा बसलाय? ती म्हणाली, काही नाही, छान आहे. हा किस्सा मी दुकानात इतक्या वेळा सांगितलाय, की शिलाई मशिनलाही पाठ झाला असेल.

ती नवरी म्हणजे छबू. आणि छबू म्हणजे गावची पायाळू.

जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात, तो पायाळू. आपल्याकडचा समज असा, की कुणाच्या पाठीत उसण भरली, वाकताना लचक बसून माणूस जागच्या जागी खिळला, तर त्यानं सकाळी उपाशीपोटी उंबऱ्यावर पालथं पडायचं आणि पायाळूनं डाव्या पायानं तीनदा हलकी लाथ मारायची. उसण पळते. मोबदला घ्यायचा नाही, चहासुद्धा नाही. बावन्न वर्षं आमचा उंबरा असा भरलेला असायचा. मामलेदार पालथे पडले, कीर्तनकार पडले, एक बैलसुद्धा आणला होता, पण तो पालथा पडेना.

हे सुरू कसं झालं ते फक्त मला माहीत आहे, असं मी समजत होतो.

लग्नाला तीन महिने झाले होते. माझ्या आईला उसण भरली आणि ती अंथरुणाला खिळली. खिळला तो देह. आवाज मोकळाच होता, आणि तो आवाज छबूकडून दोन माणसांचं काम करून घ्यायचा. छबू दिवसभर पळायची आणि संध्याकाळी तोंड धुण्याच्या निमित्तानं मोरीत जाऊन रडायची. मला एक गंमत सुचली. आईला म्हटलं, घरात पायाळू असताना तू कण्हत का पडलीस? छबू पायाळू आहे, तिच्या आईनंच मला लग्नात सांगितलं. छबूची आई त्याच्या महिनाभर आधीच वारली होती, त्यामुळे उलटतपासणीची भीती नव्हती. छबूनं डोळे विस्फारले. मी म्हटलं, तुला सांगायचं राहून गेलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी आई उंबऱ्यावर पालथी, आणि तीन महिन्यांची सून तिच्या पाठीत रीतसर लाथ घालतेय. असा देखावा देवादिकांच्याही नशिबी नाही. पहिली लाथ भीत भीत. दुसरी जरा बरी. तिसरी मात्र मनापासून होती. आई उठून बसली. छबूनं लगेच तिच्या पायावर डोकं ठेवलं. आई म्हणाली, सुनेचा पायगुण म्हणतात तो हा. त्या दिवसापासून आमच्या गावात पायगुण या शब्दाचा अर्थ बदलला. वर आणखी एक सोय झाली: पायाळूवर वीज पडते म्हणतात, म्हणून आभाळ भरलं की आई छबूला ओढ्यावर पाठवायची नाही. मी एका थापेत दोन पक्षी मारले, आणि पेठभर मिरवलो.

सहा वर्षांपूर्वी छबूचीच पाठ धरली.

पायाळूची उसण कोण काढणार? स्वतःच्या पाठीत स्वतःच लाथ मारणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो सर्कशीत होता. पण ही उसण नव्हतीच. उसण म्हणजे दोन दिवसांची पाहुणी. हे दुखणं घरजावई होऊन बसलं. डाव्या कमरेपासून पाठीतून खांद्यापर्यंत. फोटो काढले, तऱ्हेतऱ्हेच्या यंत्रांतून तिला आत-बाहेर केलं. हाडं ठीक, मणके वयाला शोभतील असे, नसा मोकळ्या. सगळे कागद म्हणायचे, बाई ठणठणीत आहे. बाईला पाटावर बसता येईना.

मग दोन हजार चव्वेचाळीस सालच्या दिवाळीआधी नसीम तांबोळी गावात आली. आमच्याच पानवाल्या रशीदभाईंची मुलगी, पुण्याहून दुखण्याची डॉक्टर होऊन. रशीदभाई छबूच्या पायानं दोनदा उभे राहिलेले, त्यामुळे नसीम तिला काकू म्हणायची आणि तिच्यासमोर जरा अदबीनं बसायची. तिनं सगळे कागद बाजूला सारले आणि आम्हाला समजावलं.

"अण्णा, शेतावर राखणीचं कुत्रं असतं ना? चोर येतो, कुत्रं भुंकतं. चोर पळाला तरी काही कुत्री भुंकायची थांबत नाहीत. मग पान पडलं तरी भुंकतात. जुनाट दुखणं पुष्कळदा असं असतं. चोर नसतो. पण भुंकणं खरं असतं, ते काकूंना खरंच ऐकू येतं."

मी विचारलं, मग कुत्र्याला गप्प कसं करायचं? ती म्हणाली, त्याला कशानं भीती वाटते ते आधी शोधायचं. दुखणार असं वाटलं की शरीर आधीच आवळून बसतं. श्वास अडतो, खांदा वर चढतो, भार एका पायावर जातो. हे सगळं दुखायच्या अर्धा सेकंद आधी होतं, आणि माणसाला त्याचा पत्ताही नसतो. आवळून बसल्यानं स्नायू शिणतात, आणखी दुखतं, आणखी आवळतं. मला हे एकदम पटलं. कापडावर चुकीची घडी रोज पडली की पुढे इस्त्री न करताही कापड तिथेच दुमडतं.

त्यावर तिच्याकडे नवीन यंत्र होतं. तसं म्हटलं तर बिनबाह्यांची बंडीच. कापडात केसाएवढ्या तारा विणलेल्या; त्या बरगड्यांची हालचाल मोजायच्या, स्नायूंचा ताण ऐकायच्या. सोबत सपाता, पायावरचा भार तोलायला. शरीर आवळायला लागलं, की त्या अर्ध्या सेकंदात बंडी पाठीवर हळूच टिचकी मारायची, जणू कुणी म्हणतंय, सोड. असं हजारो वेळा झालं की घडी मोडते. शिवाय बंडीला कान होते. श्वास कोणत्या प्रसंगी अडतो, आसपास कोणते शब्द बोलले जातात, याचीही ती नोंद ठेवायची.

"सहा आठवडे बघू," नसीम म्हणाली. "नाही जमलं तर पुण्यात एक शस्त्रक्रिया निघाली आहे. पाठीतली नस कायमची बधिर करतात. दुखणं जाईल. पण काकू, डाव्या पायाची जाणीवही जाईल."

छबूनं डाव्या पायाकडे पाहिलं. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, काही नाही.

बंडी घरी आली. तिला आवाजही होता, कुणा शिकल्यासवरल्या बाईचा, सगळ्यांना आपण म्हणणारा. रोज संध्याकाळी ती चौकशी करायची. पहिल्याच दिवशी विचारलं, आज आपल्याला कसं वाटतंय? छबू म्हणाली, ठणका नाही, पण आत काहीतरी सलतंय. बंडी क्षणभर विचारात पडली.

"सलणे, म्हणजे टोचणारी वस्तू शरीरात राहिल्यानं होणारी वेदना. काय सलतंय?"

"काही नाही गं बाई."

"वस्तू काढली का?"

मी इतका हसलो की कवळी हातात घ्यावी लागली. छबू हसली नाही. पण बंडी चिवट. रोज विचारायची, काय सलतंय? आणि छबू रोज म्हणायची, काही नाही.

तिकडे गावात गोंधळ सुरू झाला. नसीमनं पेठेतल्या बऱ्याच जणांना बंड्या दिल्या होत्या आणि त्या लागू पडत होत्या. बगळ्याच्या माना मागे गेल्या, खांदे पातळीत आले. गाव सरळ व्हायला लागलं आणि माझे शर्ट वाकडे पडले. ज्या खांद्याला मी आतून पट्टी लावली होती, तो आता टेंगळासारखा वर आला. पोस्टातले काळेसाहेब शर्ट घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, अण्णा, म्हातारपणी हात गेला तुमचा. तीन खांद्यांचे तलाठी दोन खांद्यांवर आले, आणि त्यांच्या चालीचा आवाज असा बदलला की बायकोनं दार उघडलं नाही. बाहेर अंगणात जुन्या तऱ्हेनं वाकडं चालून दाखवलं, तेव्हा कुठं कडी निघाली. मी ज्यांचं झाकत आलो ते सगळे उघड्यावर सरळ उभे, आणि मी हातात उसवण घेऊन बसलेला. आनंद मानावा की दुकान बंद करावं, कळेना.

बंडी गावाला लागू पडली, छबूला नाही. आणि तिचं काहीच जुळेना. उंबऱ्यावर माणसं आली त्या दिवशी दुखायचं. म्हटलं, लाथा मारून कमरेवर ताण येत असेल. मग लोक बंड्यांमुळे यायचे कमी झाले, आठवडा रिकामा गेला. त्या आठवड्यात जास्त दुखलं. नसीम एक दिवस सकाळी येऊन उंबऱ्याशी बसली आणि आलेल्या दोघांना बंडी घालून पालथं पाडलं. तिला दिसलं ते असं: लाथ बसणार म्हणून माणूस श्वास धरून ठेवतो; पाय टेकला की तो श्वास झाडून सोडतो, आणि त्याबरोबर आवळलेली पाठ सुटते. म्हणजे काकूंचा पाय यंत्राच्याच पद्धतीनं काम करतो, फक्त तीन टिचक्यांत. नसीम खूश झाली. मी तर आभाळाला टेकलो.  छबूनं मात्र पाय लावल्यावर नेहमीसारखं त्या दोघांना वाकून नमस्कार केला, आत जाऊन देव्हाऱ्यासमोर पुन्हा केला, आणि कमरेवर हात ठेवून भिंतीला टेकली. काय झालं म्हणून विचारलं. काही नाही, म्हणाली.

आता माझी चूक सांगतो, कारण पुढचा सगळा गुंता तिच्यातून झाला.

बंडी काखेत चोळत होती. कुणी शिवली होती कोण जाणे. मुंढा, म्हणजे काखेचा घेर, असा उथळ कापलेला, की पाहूनच माझे हात शिवशिवले. शिंप्याच्या घरात दुसऱ्याची शिवण चोळते म्हणजे काय? चौथ्या आठवड्यात छबू दुपारी कुणाच्याशा हळदीच्या कार्यक्रमाला जाणार होती. बंडी काढून ठेवली होती. मी ती दुकानात नेली, काखेतले टाके उसवले, तारांना धक्का न लावता पाव इंच सोडलं आणि परत शिवलं. मग ट्रायल. ट्रायलशिवाय कपडा द्यायचा नाही हा माझा नेम. छबू आणि मी अंगानं सारखेच, सुकट बोंबील. शर्टाच्या आत घातली आणि कामाला लागलो. गिऱ्हाइकं येत होती, मी सांगत होतो: माझी बायको पायाळू, तिचा पाय असा, डॉक्टरीणबाईनं यंत्रानं सिद्ध केलंय. बंडी अंगावर आहे हे संध्याकाळी आंघोळीच्या वेळी आठवलं. गुपचूप जागेवर ठेवली. दोन-चारदा पाठीवर टिचकी बसल्यासारखी वाटली होती, पण मला वाटलं मुंगी.

सहावा आठवडा संपला. आम्ही नसीमसमोर बसलो. तिनं भिंतीवर बंडीची नोंद दाखवली. ती गोंधळलेली होती आणि थोडी ओशाळलेलीही.

"काकू, बाकी दिवसांत मला अजून नीट काही सापडलेलं नाही. पण एका दिवसाची नोंद फारच स्पष्ट आहे. एक शब्द सात वेळा उच्चारला गेलाय, आणि सातही वेळा श्वास चार-चार सेकंद थांबलाय." तिनं आमच्याकडे बघितलं. "तो शब्द आहे पायाळू."

मी तारीख पाहिली. आणि आठव्यांदा माझा श्वास थांबला. तो दिवस माझा होता.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात छबू बोलली. भिंतीवरच्या त्या रेघांकडे बघत, अगदी सावकाश.

"यंत्रानं पकडलंच म्हणायचं. नसीम, मी पायाळू नाही."

 मी तर शिवलेल्या तोंडानं बसलो. छबू म्हणाली, लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मावशी भेटली. जन्माच्या वेळी ती तिथेच होती. म्हणाली, कोण म्हणतं पायाळू? तू डोक्यानंच आलीस, नाळेचे दोन वेढे गळ्यात घेऊन.

"यांना सांगणार होते," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "पण यांनी तोवर सगळ्या पेठेत करून ठेवलं होतं. माझी बायको पायाळू, माझी बायको पायाळू. किती खूश असायचे. माझ्या आईनं यांना काहीतरी चुकीचं सांगितलं असेल, त्यात यांचा काय दोष? यांचा शब्द खोटा कसा पाडू? म्हणून लावत राहिले पाय. आपल्यापेक्षा थोर माणसांच्या अंगाला पाय लावायचा, आणि तोही खोटा. नमस्कार करून करून किती फिटणार? आता ती नस बधिरच करून टाका. पाय गेला तरी चालेल."

नसीमनं पुण्याला कळवायचं कबूल केलं, पण सोमवारपर्यंत थांबू म्हणाली. घरी येताना छबू माझ्या पुढे चालत होती. आणि माझ्या डोक्यात अशी गाठ पडली होती की सुईसुद्धा जाईना. श्वास माझा अडकला होता, कबुली तिनं दिली. नोंद खोटी, पण कबुली खरी. ती मला भोळा समजत होती, आणि मी तिला. मी खरं सांगितलं असतं तर तिला कळलं असतं, की जिच्यासाठी ती पन्नास वर्षं पापात पडली ती माझी गंमत होती. नाही सांगितलं तर ती चुकीच्या नोंदीवर पाय गमावणार. सांगायचं की नाही, यावर मी रविवारची अख्खी दुपार एकच काज शिवत बसलो. संध्याकाळी पाहिलं तर बटण नव्हतंच त्या बाजूला.

सोमवारी सकाळी ताराक्का माने आली. वय नव्वदीच्या पुढे, माझ्या आईची जिवाभावाची मैत्रीण, बंडीला हात न लावणारी गावातली शेवटची बाई. रिक्षावाल्यानं तिला धरून आणलं आणि ती नेहमीच्या सवयीनं उंबऱ्यावर पालथी झाली.

"छबे, लाव पाय. पाणीबी प्यालेली न्हाई मी."

छबू दारात उभी. अंगात बंडी होती. पाय उचलला नाही.

"ताराक्का, मी पायाळू नाही. कधीच नव्हते. सगळं खोटं होतं."

ताराक्काचं तोंड जमिनीकडे, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. खालून आवाज आला.

"मग?"

"मग काय? खोटाच पाय लावत होते."

"ते मला ठावं हाय की. तुझी सासूच म्हणली हुती, पयल्याच दिसाला. म्हणली, तारे, पायाळू-बियाळू काय न्हाई गं, माझ्या बाळ्यानं थाप मारलीया. पर पोरीची लाथ झ्याक बसती."

छबू वळली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. मी कोनाड्यातल्या कात्रीकडे पाहिलं.

"आनि मागनं म्हणली," ताराक्का जमिनीला सांगत होती, "त्या दिसापासनं पोरगी मोरीत जाऊन रडायची थांबली. मग पडलं रोज पालथं, माझं काय जातंय? आता लावतीस का मी अशीच दुपार करू?"

छबूच्या तोंडून आधी एक चमत्कारिक आवाज निघाला. मला वाटलं रडतेय. पण ती हसत होती. दाराची चौकट धरून, पोट धरून, पोटातलं सगळं वारं बाहेर पडेपर्यंत हसत होती. तेवढ्यात बंडी आपल्या सभ्य आवाजात बोलली, आपला श्वास पूर्णपणे बाहेर गेला आहे, अशी ही पहिलीच नोंद आहे. त्यावर ताराक्कानं विचारलं, ही कोण सवाष्ण बोलतीया मधीच?

मग छबूनं पाय लावला. पहिली हलकी, दुसरी बरी, तिसरी मनापासून. ताराक्का उठली, पदर झाडला आणि रिक्षात बसून गेली. नमस्कार करायचं छबूला आठवलंच नाही.

अंगणात आम्ही दोघंच उरलो.

"थाप?" छबू म्हणाली.

तिनं असं पाहिलं, की माझ्याच पाठीत उसण भरायची वेळ आली. मी सगळं सांगून टाकलं. आईचं, तिच्या आईच्या नावाचं, पेठेतल्या मिरवण्याचं. आणि बंडीच्या ट्रायलचंही. म्हटलं, तो दिवस माझा होता. पायाळू म्हणताना जो श्वास थांबला तो माझा.  ती एवढंच म्हणाली, चला, नसीमला सांगू. माझ्या अंगावर दुसऱ्याचा श्वास नको.

नसीमनं कपाळाला हात लावला, मग माझा दिवस नोंदीतून काढून टाकला. तो निघाल्यावर, मोठा दगड उचलल्यावर खालची वाट दिसावी तसं, छबूचं स्वतःचं चित्र वर आलं. इतके दिवस ते त्या एका दिवसाच्या गलक्यात दबलं होतं. नसीमनं ते दोनदा वाचलं, मग मोठ्यानं वाचलं. छबूचा श्वास रोज अडत होता, कधी पंधरा वेळा, कधी वीस. डावा खांदा चढायचा, डावी कंबर आवळायची, सहा सेकंद. पाय उचलताना नाही. पायाळू म्हटल्यावरही नाही. दोन शब्दांवर, आणि ते दोन्ही तिचेच.

ते शब्द होते, काही नाही.

 नसीम म्हणाली, उंबऱ्यावर माणसं आली की अण्णा विचारायचे काय झालं, आणि माणसं आली नाहीत की आणखीच विचारायचे; म्हणून दोन्हीकडून दुखायचं. ती म्हणाली, सगळं दुखणं एवढ्याशा गोष्टीचं असेल असं मी म्हणणार नाही. वय आहे, कष्ट आहेत, कमरेचे व्यायाम आहेत, ते करावेच लागतील. पण राखणीचं कुत्रं इथे भुंकतंय. पुणे लांबवू.

"काकू, टिचकी बसली की ते दोन शब्द म्हणायचे नाहीत. जे असेल ते म्हणायचं."

"आणि काही नसेल तर?" मी विचारलं.

दोघींनी माझ्याकडे एकदम पाहिलं. मी विषय सोडला.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही पडवीत बसलो. मी समोर स्टूल घेतलं, हात मांडीवर. बंडीनं विचारलं, आज आपल्याला कसं वाटतंय? छबू म्हणाली, सलतंय. बंडीनं विचारलं, काय सलतंय?

"काही..."

टिचकी बसली असावी. ती थांबली. खांदा वर चढला होता, तो हळूहळू खाली आला. लांब श्वास सोडून तिनं माझ्याकडे बघितलं.

"लग्नातला ब्लाऊज," ती म्हणाली. "काखेत इतका घट्ट होता, की सप्तपदी होईपर्यंत मला श्वास घेता आला नाही."

याला आता चार महिने झाले. पाठ निम्मी उतरली आहे. छबू पाटावर बसते, उठताना मात्र माझा खांदा धरते, आणि तो खांदा त्यामुळे अर्धा इंच खाली गेलाय. सकाळी उंबऱ्यावर कुणी ना कुणी असतंच, कारण ताराक्कानं गावभर सांगूनही गावाला त्याचं काही वाटलं नाही. संध्याकाळी बंडी विचारते आणि छबू सांगते. सांगणं अजून आमच्या लग्नाच्या सहाव्या वर्षापर्यंतच आलंय. काही ऐकून मी हसतो, काही ऐकून स्टूलावरून उठून अंगणात जातो आणि परत येऊन बसतो. दुकानात तो नवरीच्या ब्लाऊजचा किस्सा सांगणं मी बंद केलंय. गिऱ्हाइकांना वाटतं, म्हातारा विसरायला लागला.

गेल्या आठवड्यात मी तिच्यासाठी नवा ब्लाऊज शिवला. गळ्यातला टेप काढला, चौकटीत उभी केली आणि नीट माप घेतलं, श्वास घेतलेला आणि सोडलेला, दोन्ही. काल तिनं तो घातला. मी विचारलं, कसा बसलाय?

ती काही बोलायला गेली आणि थांबली. हात वर करून पाहिला, खाली केला. श्वास सोडला.

"डावी बाही ओढतेय," म्हणाली.

मी उसवायला बसलो.